उज्झान सोडा, तक्रार सोडू नका!



आपल्या वस्तीतील कोणी माणूस हक्काची गोष्ट बोलू लागला की गावात एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘रडगाणे’. ‘ह्यांचे रडगाणे कधी संपायचेच नाही,’ असे म्हणून ऐकणारा उठून जातो. प्रश्न पाण्याचा असो, स्मशानभूमीच्या वाटेचा असो की अडलेल्या शिष्यवृत्तीचा असो, उत्तर हेच. दुसरीकडे, नुकतीच दीक्षा घेतलेली काही कुटुंबे आम्हांला विचारतात, ‘आता आपण बौद्ध झालो. भगवंतांनी क्षांती शिकविली, मैत्री शिकविली. मग तक्रारी करीत बसणे आपल्याला शोभते काय?’

एक प्रश्न आपल्याला गप्प करू पाहणाऱ्यांचा आहे, दुसरा आपल्याच श्रद्धाळू माणसांचा आहे. तरी दोहोंच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. सतत कुरकुरणे आणि अन्यायाविरुद्ध तक्रार करणे ह्या दोन भिन्न गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जात आहेत. हा घोटाळा शब्दांतून उत्पन्न झाला आहे. म्हणून तो शब्दांपासूनच उकलला पाहिजे.

मराठीत ह्या वृत्तीला नावे थोडी नाहीत. कुरकुर, किरकिर, पिरपिर हे तिन्ही शब्द आवाजावरून पडलेले. त्यांत अर्थापेक्षा नादच अधिक. रडगाणे म्हणजे गाण्यासारखे पुनःपुन्हा आळविलेले रडणे. परंतु ह्यांच्या शेजारी जे दुसरे शब्द बसले आहेत, त्यांचे कूळ निराळे आहे. ‘फिर्याद’ फारसीतून आली. तिचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. ‘दाद’ हाही फारसी शब्द असून त्याचा अर्थ न्याय असा आहे. म्हणून दाद मागणारा मनुष्य भीक मागत नसतो, तो न्याय मागत असतो. ‘गाऱ्हाणे’ हा शब्द संस्कृत ‘गर्हणा’ आणि पाली ‘गरहा’ ह्यांच्या कुळातला. गरहा म्हणजे दोषाला दोष म्हणणे. कोकणात हेच गाऱ्हाणे ग्रामदेवतेपुढे घालण्याची चाल आहे. आपण देवापुढचे गाऱ्हाणे सोडले; पण दोषाला दोष म्हणण्याचा जो त्या शब्दाचा मूळ अर्थ, तो सोडण्याचे आपल्याला काही कारण नाही.

आता ‘तक्रार’ हा शब्द पाहा. हा मूळचा अरबी शब्द आहे आणि तेथे त्याचा अर्थ आहे पुनरुक्ती, म्हणजे तेच पुन्हा म्हणणे. फारसीतून मराठीत येता येता त्याला वादाचा आणि गाऱ्हाण्याचा अर्थ आला. त्याला ‘खोर’ हा फारसी प्रत्यय लागला की ‘तक्रारखोर’ होतो. खोर म्हणजे खाणारा. तक्रार हेच ज्याचे अन्न झाले तो तक्रारखोर. एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगणारा हक्कासाठी झगडणाराही असेल किंवा नुसता तक्रारखोरही असेल. ह्या दोघांना वेगळे कसे ओळखावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मराठी शब्दांपेक्षा पाली ग्रंथांत अधिक स्पष्ट सापडते.

पालीत ह्या सवयीलाच एक नाव आहे : ‘उज्झानसञ्ञी’. धम्मपदाच्या मलवग्गात, २५३ व्या गाथेत हा शब्द येतो. ‘उज्झायति’ ह्या क्रियापदापासून ‘उज्झान’ झाले. ह्या क्रियापदाची व्युत्पत्ती पंडितांनी दोन प्रकारांनी लावली आहे. एका मताने त्यातील ‘झायति’ हे ध्यानाचेच रूप होय. संस्कृत बौद्ध ग्रंथांत ह्या ठिकाणी ‘अवध्यायन्ति’ असे रूप येते, ते ह्या मताला पुष्टी देते. दुसऱ्या मताने हे ‘झायति’ म्हणजे जळणे. पहिले मत घेतले तर उज्झान हे ध्यानाचेच विपरीत भावंड ठरते. ध्यानात चित्त एका आलंबनावर स्थिर होते. उज्झानातही ते एकाच गोष्टीवर खिळते, पण ती गोष्ट असते दुसऱ्याचा दोष. दुसरे मत घेतले तर उज्झान म्हणजे आतल्या आत जळणे. कोणतेही मत स्वीकारा. ज्याला ही सवय आहे त्याच्या मनाची स्थिती दोन्हींत बरोबर उतरली आहे.

शब्दाचा दुसरा भागही ध्यानात घ्या. ‘सञ्ञा’ हा पाच स्कंधांपैकी एक स्कंध. वस्तू अमुक म्हणून ओळखणे हे तिचे कार्य. तेव्हा उज्झानसञ्ञी म्हणजे केवळ दोष बोलणारा मनुष्य नव्हे. ज्याची नजरच दोष ओळखण्यापुरती उरली आहे, तो उज्झानसञ्ञी. त्याच्यासमोर चांगले आले तरी त्याला ते दिसत नाही.

ह्या गाथेच्या अट्ठकथेत त्याच नावाच्या एका थेराची गोष्ट आहे. अमक्याने अंतर्वासक असा नेसला, तमक्याने चीवर तसे पांघरले, हेच पाहत तो फिरत असे. भिक्षूंनी हे भगवंतांना सांगितले. तेव्हा भगवंतांनी दोन प्रकार वेगळे केले. आचरणाचा नियम शिकविण्यासाठी कोणी दोष दाखवीत असेल तर तो निंदेस पात्र नाही. परंतु जो नित्य दुसऱ्याची उणीवच शोधीत राहतो, त्याचे आस्रव वाढतात आणि त्यांच्या क्षयापासून तो दूर जातो. पाहा, दोष दाखविणे येथे वर्ज्य केलेले नाही. निषेध आहे तो ‘नित्य’ ह्या शब्दात आणि शोधण्याच्या हेतूत.

संयुत्त निकायात उज्झानसञ्ञी देवतांचीही एक कथा आहे. देवतांवर विश्वास ठेवावा म्हणून आम्ही ती सांगत नाही. तिच्यातील मनुष्यस्वभाव पाहावा म्हणून सांगतो. ह्या देवता भगवंतांना दोष देण्यासाठी आल्या, उत्तर ऐकून वरमल्या आणि त्यांनी क्षमा मागितली. भगवंतांनी स्मित केले. एवढ्या स्मिताचाही त्यांना राग आला आणि अधिकच कुरकुरत त्या आकाशात निघून गेल्या. सवय जडली म्हणजे माणसाला स्मितातही तक्रारीचे कारण सापडते, ते असे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग तक्रार करणे वाईटच ठरले. थांबा. हेच ‘उज्झायति’ क्रियापद विनयपिटकात ठिकठिकाणी येते, आणि तेथे त्याचा कर्ता पुष्कळदा सामान्य जनता असते. लोक नाराज होतात, कुरकुर करतात, ती कुरकुर पसरते, भिक्षूंच्या कानी पडते, भिक्षू ती भगवंतांना सांगतात आणि भगवंत नियम करतात. विनयाचे कितीतरी नियम असेच झाले आहेत.

ह्याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या घरात आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण वर्षावास पाळतो, विहारात बसून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाचे वाचन करतो. हा वर्षावास कोठून आला? महावग्गात सांगितले आहे की भगवंत राजगृहात वेळुवनात असताना भिक्षू पावसाळ्यातही चारिका करीत. हिरवे गवत तुडविले जाते, लहान जीव चिरडले जातात, म्हणून लोकांनी तक्रार केली. त्या तक्रारीतून पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम झाला. भगवंतांनी ‘हे लोक कुरकुरे आहेत’ असे म्हटले नाही. तक्रार खरी आहे काय, एवढे पाहिले आणि नियम केला.

दुसरे उदाहरण एका पित्याचे आहे. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा वृद्ध शुद्धोदन भगवंतांकडे आले. आधी पुत्र गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. हे दुःख किती खोल जाते ते त्यांनी सांगितले आणि आईबापांच्या अनुमतीवाचून कोणा मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी मागणी केली. भगवंतांनी ती मान्य करून तसा नियम घातला. गेलेला नातू शुद्धोदनांना त्यामुळे परत मिळाला नाही. परंतु पुढच्या प्रत्येक आईबापाला संरक्षण मिळाले. खरी तक्रार अशीच आपल्यापुरती राहत नाही, ती नियम होऊन दुसऱ्यांच्या उपयोगी पडते.

आता तिसरे उदाहरण उलट बाजूचे पाहा. संघातील निवासाची आणि भोजनाची वाटणी दब्ब मल्लपुत्त ह्या भिक्षूकडे सोपविली होती. मेत्तिय आणि भुम्मजक ह्यांच्या गटातील भिक्षूंनी ‘दब्ब पक्षपात करतो’ असे इतरांना सांगून त्यांची मने कलुषित केली. भगवंतांनी त्यास आपत्ती ठरविले. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. सरळ कोणाला न सांगता, इतरांना ऐकू जाईल अशा बेताने ते जवळपास कुरकुरू लागले. भगवंतांनी तेही त्याच नियमात घातले. हा पाचित्तियांतील तेरावा नियम.

परंतु ह्या नियमाच्या शेवटी जो अपवाद आहे, त्याकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. काम करणारा मनुष्य खरोखरच छंद, द्वेष, मोह किंवा भय ह्यांच्या आहारी जाऊन काम करीत असेल, तर त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला आपत्ती नाही! ह्याच त्या चार अगती. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थालाही त्या सांगितल्या आहेत. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ह्या नियमाने खोट्या कुरकुरीला दंड ठेवला, आणि त्याच नियमात खऱ्या तक्रारदाराला अभय दिले. पक्षपाती अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करणे बौद्धाला शोभते काय, ह्या प्रश्नाचे ह्याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

क्षांतीचा प्रश्न उरला. अंगुत्तर निकायात पोतलिय नावाचा परिव्राजक भगवंतांना म्हणतो की जो निंद्याची निंदा करीत नाही आणि स्तुत्याची स्तुतीही करीत नाही, तो तटस्थ मनुष्य मला श्रेष्ठ वाटतो. भगवंतांनी हे मानले नाही. निंद्य असेल त्याला निंद्य आणि स्तुत्य असेल त्याला स्तुत्य, खरे आणि योग्य वेळी जो म्हणतो, तो श्रेष्ठ, असे त्यांनी सांगितले. तेव्हा मौनाला क्षांतीचे नाव देऊ नका. क्षांती म्हणजे द्वेष आवरणे. अन्याय झाकणे म्हणजे क्षांती नव्हे.

आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळलो तरी हेच दिसते. १९१० साली शिवराम जानबा कांबळे ह्यांच्या पुढाकाराने दख्खनमधील महार बांधवांनी लष्करभरतीसाठी थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. मागणी तेथे थांबली नाही, पुढे चालूच राहिली, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. प्रतिपक्षाने त्याच वर्षी दिवाणी दावा लावला. तो लढा चालत चालत मुंबई हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. ‘तळ्याचे रडगाणे पुरे झाले’ असे म्हणणारे त्या दहा वर्षांत काय थोडे असतील?

आणि धर्मांतरानंतरचा आपला प्रश्न तर ह्याहून बोलका आहे. १९५६ साली लाखोंनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. म्हणून जात तीच, गावकुसाबाहेरची वस्ती तीच, वागणूकही तीच असताना केंद्राच्या सवलती तेवढ्या गेल्या. तेव्हापासून हे म्हणणे सभेत, निवेदनात, मोर्चात, विधिमंडळात आणि संसदेत पुनःपुन्हा मांडले गेले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला. चौतीस वर्षे! तक्रार ह्या शब्दाचा मूळ अर्थ पुनरुक्ती, हे आम्ही प्रारंभी का सांगितले ते आता आपल्या ध्यानात येईल. ते म्हणणे चौतीस वर्षे पुन्हा म्हटले गेले नसते, तर आज आपल्या मुलांच्या हाती ते प्रमाणपत्र नसते.

तेव्हा पुन्हा म्हणण्यात दोष नाही. कोठे म्हणता, काय म्हणता आणि कशासाठी म्हणता, ह्यावर सारे अवलंबून आहे. ज्या गाऱ्हाण्याला तारीख आहे, पुरावा आहे, सही आहे आणि ज्याचे उत्तर देण्यास कोणीतरी बांधलेला आहे, ती तक्रार. ज्याला फक्त ऐकणारे कान हवे असतात, ते उज्झान.

आता थोडे कटू बोलतो; आपलेच समजून ऐकून घ्यावे. विहाराच्या समितीची सभा भरते, हिशेब वाचला जातो, सर्वजण संमती देतात. आणि सभा संपल्यावर वाटेत, चहाच्या टपरीवर, दुसऱ्याच्या ओट्यावर त्याच हिशेबाविषयी कुजबुज सुरू होते. विनयातील एकोणऐंशीवा पाचित्तिय नियम नेमका ह्याविषयी आहे. रीतसर चाललेल्या संघकर्माला संमती देऊन मागाहून त्याविषयी कुरकुर करणे ही आपत्ती होय. शंका असेल तर सभेत उभे राहून विचारावी. सभेत मौन आणि ओट्यावर पांडित्य, ह्याने किती वस्त्यांत दोन-दोन समित्या आणि दोन-दोन जयंत्या झाल्या, ते आपण जाणता. घरातही तसेच. सासूने सुनेचे, सुनेने सासूचे, थोरल्या भावाने धाकट्याचे उणे नित्य मोजीत राहणे हे उज्झान आहे. जी जीभ घरात दिवसभर झिजते, ती ठाण्यात आणि कचेरीत नेमकी मुकी होते, हा आमचा अनुभव आहे.

मग तक्रार कशी करावी? दुसऱ्याला दोष दाखविणाऱ्या भिक्षूने स्वतःला पाच गोष्टी विचाराव्यात असे विनयात सांगितले आहे : योग्य वेळी बोलतो ना? खरे बोलतो ना? सौम्य शब्दांत बोलतो ना? हिताचे बोलतो ना? आणि मनात मैत्री ठेवून बोलतो ना? ह्या पाच कसोट्या आपण घरातही लावाव्या, विहारातही लावाव्या आणि कचेरीतही लावाव्या. खऱ्या तक्रारीत अतिशयोक्तीचा एक कण मिसळला तरी प्रतिपक्ष तेवढाच कण धरून सारी तक्रार खोटी ठरवितो.

आणि कायदाही जाणून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ती लिहून घेतली पाहिजे, वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. ठाण्यातील अधिकाऱ्याने नकार दिला तर तीच खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही संरक्षण देतो, आणि त्याच्या कलम ४ प्रमाणे, जो लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही त्याने आपल्या कर्तव्यात जाणूनबुजून हयगय केली तर तो शिक्षेस पात्र ठरतो. कचेरीत कागद अडला असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तीस दिवसांत उत्तर मागता येते. अर्जाची एक प्रत आणि पोच घरात जपून ठेवा. ज्या घरात पोच नाही, त्या घरातली तक्रार उद्या रडगाणे म्हणूनच हिणवली जाईल.

शेवटी एक विनंती. वर्षावास संपतो त्या दिवशी भिक्षू पवारणा करतात. प्रत्येक भिक्षू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघापुढे नम्र होऊन म्हणतो की माझ्या हातून काही दोष घडल्याचे कोणी पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर करुणेने सांगावे. दोष दिसला तर मी सुधारीन. स्वतःविरुद्धची तक्रार स्वतः मागून घेणारा हा विधी आहे. ह्या आश्विन पौर्णिमेला आपल्या कुटुंबात अशी घटकाभर बैठक करून पाहा. बापाने मुलांना विचारावे, सासूने सुनेला विचारावे, समितीच्या अध्यक्षाने उपासकांना विचारावे. जेथे तक्रार ऐकली जाते तेथे उज्झानाला जागा उरत नाही; आणि ज्या मुलीने घरात निर्भयपणे आपले म्हणणे मांडले, ती उद्या ठाण्याच्या पायरीवरही डगमगणार नाही.

तेव्हा कोणी रडगाणे म्हणाला तर वाद घालू नका. अर्जाची दुसरी प्रत काढा, तारीख घाला, सही करा आणि पुन्हा द्या.

जय भीम!